साहेब, कागद आहे का?

सुरुवातीलाच कबूल करते, मराठी विभागासाठी लिहायची ही माझी पहिलीच वेळ. केजी ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेली. मधल्या सुट्टीत मराठी बोललं की पाच रुपये दंड. त्यामुळे माझं मराठी म्हणजे आजीशी फोनवर बोलण्यापुरतं. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने दुरुस्त केल्या असतीलच, राहिलेल्या माझ्या नावावर जमा करा. मैत्रीण म्हणाली, "इंग्लिश सेक्शनला का देत नाहीस?" त्याला कारण आहे. ज्या रात्रीबद्दल मी सांगणार आहे, त्या रात्री माझ्यासमोर एक मराठीत लिहिलेला कागद आला आणि मी तो न वाचताच त्यावर सही ठोकली. म्हणून हा लेख मराठीतच.

गेल्या वर्षी, म्हणजे सेकंड इयरला, हॉस्टेलच्या यादीत आमचा नंबर लागला नाही. मग चौघींनी मिळून कॉलेजच्या मागच्या गेटपासून दहा मिनिटांवर एक फ्लॅट भाड्याने घेतला. ऑक्टोबरमधली गोष्ट. सबमिशनचा आठवडा. रात्रीचे साडेदहा वाजले होते. दोघी जर्नल उरकत होतो, तिसरी मॅगी करत होती, चौथी गावी गेली होती. बेल वाजली. दारात तीन पोलीस, एक गणवेशात, दोघे साध्या कपड्यांत. मागे सोसायटीचे सेक्रेटरी काका, घाईघाईत शर्ट अडकवून आलेले.

त्यांनी एका माणसाचं नाव घेतलं आणि विचारलं, "इथे राहतो का?" ते नाव आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, "नो सर." "आत बघून घेतो," असं ते म्हणाले आणि मी "यस सर" म्हणून बाजूला झाले! शाळेची सवय, दुसरं काय. सिस्टर वर्गात आल्या की उभं राहायचं, यस सिस्टर म्हणायचं आणि उलट प्रश्न विचारायचा नाही. युनिफॉर्म दिसला की माझ्या तोंडून आपोआप "यस" निघतं.

पुढची वीस मिनिटं कपाटं उघडली गेली, गाद्या उचलल्या गेल्या, बॅगा पालथ्या झाल्या. रूममेटचा लॅपटॉप "तपासायला" म्हणून घेतला गेला. मग "जबाब द्यायचा आहे, चौकीवर चला" म्हणाले. मी आणि ती रूममेट गेलो. एका हवालदारांनी भरभर जबाब लिहिला. वळणदार, एकात एक गुंतलेलं अक्षर. मला त्यातलं आमच्या कॉलेजचं नाव तेवढं कळलं. "ताई, खाली सही करा." केली. घरी परत आलो तेव्हा दीड वाजला होता. मॅगीचा गोळा झाला होता.

नंतर कळलं ते असं. आमच्या आधीच्या भाडेकरूने त्या पत्त्यावर सिमकार्डं घेतली होती आणि त्यातलं एक ऑनलाइन फसवणुकीच्या प्रकरणात निघालं होतं. म्हणजे पोलीस आले यात त्यांची काहीच चूक नव्हती. कुणाच्या तरी बापाचे कष्टाचे पैसे गेले होते आणि कागदावर पत्ता आमचा होता. आमचा त्या भानगडीशी संबंध नव्हता हेही त्यांना दोन दिवसांत समजलं. पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. लॅपटॉप सात आठवडे परत आला नाही, त्यात रूममेटचं मिनी प्रोजेक्ट होतं. फ्लॅटमालकांचा फोन आला, "महिनाअखेर जागा रिकामी करा, पोलीस आलेले सोसायटीत चालत नाही." आणि तिसऱ्या दिवशी रूममेटचे बाबा पहाटेची एसटी पकडून आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरींनो, काय लिहून दिलंत?"

आम्हाला सांगता आलं नाही. दोन इंजिनिअर होऊ घातलेल्या मुली, आणि आपण कशावर सही केली हे आम्हाला माहीत नव्हतं. मला आजही सगळ्यात जास्त लाज त्याच क्षणाची वाटते.

रूममेटचे मामा तालुक्याच्या कोर्टात वकिली करतात. त्यांना फोन लावला. सगळी रडकथा ऐकून घेतली आणि म्हणाले, "अन्याय झाला की नाही ते नंतर बघू. आधी सांगा, तुमच्याकडे कागद काय आहे?" लॅपटॉप घेतल्याची पावती? नाही. झडतीचा पंचनामा? नाही. चौकीवर बोलावल्याची नोटीस? नाही. भाडेकराराची प्रत? ती मालकांच्या कपाटात. मामा म्हणाले, "मग कायद्याने तुमच्या घरी त्या रात्री काही घडलेलंच नाही!"

त्या वाक्याने मी हादरले आणि कायदा वाचायला लागले. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पायरी चढायची वेळ येऊ नये म्हणूनच घराच्या उंबऱ्यावरचा कायदा माहीत हवा, असं माझं मत झालं आहे. हा कायदा म्हणजे पोलिसांना अडवायचं शस्त्र नाही. पोलिसांनी काय करायचं, तुम्ही काय करायचं आणि कोणत्या टप्प्यावर कोणता कागद तयार व्हायचा, याचा तो सरळ फ्लोचार्ट आहे. मी वाचला तसा सांगते.

आधी एक गोष्ट. जुन्या पुस्तकांत तुम्हाला १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता, म्हणजे सीआरपीसी, सापडेल. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ आली. कलमांचे आकडे बदलले. खालचे सगळे आकडे नव्या कायद्यातले आहेत.

घर नक्की कुणाचं?

आम्हाला वाटायचं, आपण भाडेकरू, आपला काय हक्क? हा पहिला गैरसमज. कलम १०३ मध्ये शब्द आहेत ते जागेत राहणारी किंवा जागेचा ताबा असणारी व्यक्ती असे. मालकी कुणाच्या नावावर आहे याच्याशी तिथे संबंध नाही. जी व्यक्ती जागेत राहते तिला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क आहे. म्हणजे भाड्याच्या फ्लॅटमध्ये भाडेकरूला. हॉस्टेलच्या खोलीतही राहते ती विद्यार्थिनीच. इमारत रेक्टर मॅडमच्या ताब्यात असेल, पण कपाट उघडलं जाताना खोलीत राहणारी मुलगी तिथे उभी असली पाहिजे.

दुसरा गैरसमज हॉस्टेलमध्ये फार आहे: "प्राचार्यांच्या परवानगीशिवाय पोलीस कॅम्पसमध्ये पाऊल ठेवू शकत नाहीत." कॉलेजला कळवून येणं ही चांगली पद्धत आहे आणि बहुतेक वेळा ती पाळलीही जाते. पण गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना बाहेर जे अधिकार आहेत तेच कॅम्पसच्या आतही आहेत. गेटवर उभं राहून "प्रिन्सिपल सरांना विचारा" म्हणत वाद घालणाऱ्याच्या बाजूने कायदा उभा राहणार नाही. उलट, रेक्टर मॅडम अधूनमधून खोल्या तपासतात ती हॉस्टेलच्या नियमांनुसार होणारी पाहणी. ती पोलिसी झडती नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका.

पोलीस आत कधी येऊ शकतात?

नुसती चौकशी करायची असेल तर ती दारातही होऊ शकते. बाहेर येऊन, दार मागे ओढून, नम्रपणे बोलायला काहीच हरकत नाही. "आत येऊ का?" ही बऱ्याचदा विनंती असते, आणि आपण "या ना सर" म्हटलं की ती आपली संमती होते. मी नेमकं तेच केलं होतं.

संमतीशिवाय आत यायचे मुख्य मार्ग तीन. एक, न्यायालयाचं झडतीचं वॉरंट. दोन, ज्याला अटक करायची आहे तो माणूस आत आहे असं पोलिसांना सकारण वाटत असेल तर कलम ४४. तेव्हा आपण दार उघडून देणं बंधनकारक आहे. आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून, दार उघडा म्हणूनही कुणी उघडलं नाही, तर पोलीस दार तोडूनही आत येऊ शकतात. तीन, कलम १८५. तपासासाठी लागणारी एखादी वस्तू आत आहे आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होईल अशी परिस्थिती असेल, तर ठाण्याचे प्रमुख किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतात. पण त्याआधी त्यांनी कारण लिहून ठेवायचं असतं, आणि शक्यतो कोणती वस्तू शोधायची तेही लिहायचं असतं. स्वतः जाणं शक्य नसेल तर हाताखालच्या अधिकाऱ्याला लेखी आदेश द्यावा लागतो. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हव्यात. आणि अर्ज केला तर जागेत राहणाऱ्याला त्यांची प्रत फुकट मिळते!

याशिवाय अमली पदार्थांच्या कायद्यासारखे खास कायदे आहेत, त्यांचे नियम थोडे वेगळे. त्या कायद्यात वॉरंटशिवाय रात्री झडती घ्यायची तर कारणं लिहावी लागतात. साध्या गुन्ह्यांत मात्र "रात्री झडती घ्यायचीच नाही" असा सरसकट नियम नाही. त्यामुळे घड्याळाकडे बोट दाखवून उपयोग नाही, कागद विचारावा.

हे सगळं आपल्याला आयतं मिळालेलं नाही. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचा एक माणूस होता. १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात त्याला पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. पण पोलिसांनी त्याच्या नावाची फाइल उघडून ठेवली. रात्री-अपरात्री दारावर थापा मारायच्या, हाका मारून झोपेतून उठवायचं, तो घरात आहे का बघायचं. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली न्यायालयाने रात्रीच्या या गृहभेटींना परवानगी देणारा पोलीस नियम घटनाबाह्य ठरवला. मात्र खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे त्या वेळी बहुमताने मानलं नाही. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला. एका थापेपासून तिथपर्यंत पोचायला पंचावन्न वर्षं लागली.

झडती कशी घ्यायची?

कलम १०३ प्रमाणे त्या भागातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. त्यांच्यासमोर झडती. जी वस्तू ताब्यात घेतली तिची यादी, कुठे सापडली त्यासह. त्यावर पंचांच्या सह्या. आणि यादीची प्रत जागेत राहणाऱ्याला. स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीनेच घ्यायची, तीही पूर्ण सभ्यता राखून.

कलम १०५ तर पूर्ण नवं आहे. झडतीचं आणि जप्तीचं, यादी करून सह्या घेईपर्यंतचं, व्हिडिओ चित्रीकरण पोलिसांनीच करायचं आहे, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं आहे. म्हणजे "साहेब, शूटिंग चालू आहे ना?" हा प्रश्न आगाऊपणा नाही, कायद्याची आठवण आहे. मामांचं म्हणणं असं, की प्रामाणिक अधिकाऱ्याला हे चित्रीकरण हवंच असतं, कारण उद्या कोर्टात त्याच्यावर आळ आला तर तेच त्याला वाचवतं.

आमच्या फ्लॅटमध्ये सेक्रेटरी काका होते, पण ते पंच नव्हते, नुसतेच बघे. लॅपटॉप गेला तेव्हा यादी झालीच नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर यादीत कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, मोबाइल असेल तर आयएमईआय नंबर लिहिला आहे का बघा. "एक काळा लॅपटॉप" असं लिहिलं तर आपल्या वर्गातले चाळीस लॅपटॉप त्यात बसतात.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. सिनेमात दाखवतात तसं "झडती बेकायदा, म्हणून पुरावा रद्द" असं आपल्याकडे होत नाही. १९७३ च्या पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झडतीत नियम मोडले एवढ्या कारणावरून त्यात सापडलेला पुरावा बाद होत नाही. म्हणून दारात उभं राहून कलमं फेकण्यापेक्षा, काय झालं ते कागदावर येईल हे बघणं जास्त शहाणपणाचं.

चौकीवर चला, म्हणजे?

हा भाग हॉस्टेलच्या मुलींनी दोनदा वाचा. कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून कुणाला बोलवायचं तर लेखी आदेश लागतो. आणि पंधरा वर्षांखालचे मुलगे, साठीच्या वरचे पुरुष, कोणत्याही वयाच्या स्त्रिया, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायची सक्ती करता येत नाही. स्वतःच्या इच्छेने जायचं असेल तर जाता येतं. म्हणजे त्या रात्री आम्हाला चौकीवर जायची गरज नव्हती. "सर, आम्ही इथेच सगळं सांगतो," एवढं एक वाक्य पुरलं असतं.

हा नियम कागदावर जुनाच आहे, पण तो मोठ्या माणसांच्या बाबतीतही विसरला गेला होता. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ साली कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावून प्रश्नांची यादी समोर ठेवली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी एका स्त्रीला असं ठाण्यात बोलावल्याबद्दल पोलिसांचे कान उपटले. शिवाय, ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू ते न देण्याचा, घटनेच्या कलम २०(३) मधला हक्क पोलीस चौकशीतही लागू आहे हे स्पष्ट केलं. जिथे मुख्यमंत्री राहिलेल्या बाईंना कोर्टात जावं लागलं तिथे आम्ही किस झाड की पत्ती!

पण गप्प राहण्याचा हक्क म्हणजे खोटं बोलण्याचा परवाना नव्हे. साक्षीदाराने खरी उत्तरं देणं बंधनकारक आहे. "मला माहीत नाही" हे खरं असेल तर तेही पूर्ण उत्तरच आहे.

आणि ती सही? कलम १८१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायची नसते. म्हणजे जी सही केली म्हणून मी महिनाभर झोपले नाही, ती मुळात द्यायचीच नव्हती! नोटीस मिळाल्याची पोच वगैरे कागद वेगळे, तिथे सही लागते. पण कोरा कागद, न वाचलेला कागद, वाचता न येणारा कागद, यावर कधीही नाही. महाराष्ट्रात पोलिसांचा सगळा कारभार मराठीत चालतो. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनो, अक्षर लागत नसेल तर बिनधास्त म्हणा, "काका, वाचून दाखवा ना." यात कमीपणा नाही.

अटकेची वेळ आली तर

देव करो आणि कुणावर न येवो. पण माहीत असावं. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा लेखी मेमो हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. आपण सांगू त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायला हवं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायला हवं. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच तर महिला अधिकाऱ्याने, न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घेऊन. अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगितलं.

यातल्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात एका पत्राने झाली. २६ ऑगस्ट १९८६ ला पश्चिम बंगालच्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं आणि १८ डिसेंबर १९९६ ला अटकेबद्दलचे अकरा नियम आले. बघा, तिथेही कागदच!

खरे पोलीस आणि खोटे पोलीस

आता एक नवीन टेन्शन. आपल्याच कॉलेजमध्ये फर्स्ट इयरच्या एका मुलाला व्हिडिओ कॉल आला, समोर गणवेशातला माणूस, "तुला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नकोस, पैसे भर." मित्रांनो, डिजिटल अटक नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा. खुद्द पोलिसांनाही कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. दारात साध्या कपड्यांतली माणसं आली आणि शंका वाटली तर ओळखपत्र मागा, ११२ ला फोन करून ठाण्यात खात्री करून घ्या. खरा पोलीस यात अपमान मानणार नाही, मानू नये.

काय करू नका

हात लावू नका, ढकलू नका, दार आपटू नका, वाटेत आडवे पडू नका. सरकारी कामात अडथळा आणणं हा नव्या न्याय संहितेच्या कलम २२१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि अंगावर जाणं हा कलम १३२ प्रमाणे त्याहून मोठा. झडती चुकीची वाटली तरी तिथेच कुस्ती नको. "सर, माझी संमती नाही, पण मी अडवत नाही," असं शांतपणे म्हणा आणि जे होतंय ते लक्षात ठेवा. नंतर त्याच रात्री वेळ, नावं, काय नेलं हे सगळं तारखेसह लिहून काढा. तक्रार करायची तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त आहेत, न्यायदंडाधिकारी आहेत, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही.

आणि आजच करण्यासारखं एक काम. बाहेर राहणाऱ्यांनी आपला भाडेकरार शोधा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याची एक प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवा. त्या रात्री "आम्ही जूनपासून राहतोय, हा बघा करार" असं म्हणता आलं असतं, तर मला वाटतं पोलीस पाच मिनिटांत पुढे गेले असते.

आमचं पुढे काय झालं? मामांनी साध्या मराठीत एक अर्ज लिहून दिला. अमुक तारखेला, अमुक वाजता, या वर्णनाचा लॅपटॉप नेला, त्याची पावती मिळाली नाही, तो परत मिळावा. आम्ही दोन प्रती घेऊन ठाण्यात गेलो. ज्या हवालदारांनी जबाब लिहिला होता तेच टेबलावर होते. अर्ज वाचून ते जरा गप्प झाले, मग दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून तारीख घातली आणि म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी द्यायचं होतं, ताई. तोंडी सांगितलेलं इथे कुणाच्या लक्षात राहतं?" दहा दिवसांत लॅपटॉप मिळाला. मिनी प्रोजेक्ट मात्र तिने पुन्हा पहिल्यापासून केलं. फ्लॅट गेला तो गेलाच, या वर्षी हॉस्टेलला नंबर लागला म्हणून निभावलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पासपोर्टच्या पडताळणीसाठी एक पोलीस काका आमच्या घरी आले. आईने चहा ठेवला. त्यांनी पुढे केलेला कागद मी हातात घेतला आणि आजीशेजारी बसून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले. जोडाक्षरांना अडखळत होते. एका ठिकाणी आमचा पिनकोड चुकला होता, तो त्यांनी खोडून दुरुस्त केला. चहा संपला तरी माझं वाचन चालूच. मला वाटलं आता वैतागतील. ते म्हणाले, "वाचा, वाचा. सावकाश वाचा. सही तुमची आहे."